थाळनेरच्या तटावरचे परके शिपाई

धुळे जिल्ह्याच्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या उत्तर काठावर थाळनेर हे गाव आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. १३९९ साली निधन पावलेल्या मलिक राजाची व त्याच्या वंशजांची थडगी आजही तेथे आहेत. पुढे बऱ्हाणपूर वसले, राजधानी तिकडे गेली आणि थाळनेर नदीकाठचा एक किल्ला म्हणून उरले. २७ फेब्रुवारी १८१८ या दिवशी मात्र या किल्ल्याचे नाव थेट लंडनच्या संसदेपर्यंत पोहोचले. त्या दिवशी येथे सुमारे तीनशे माणसे कापली गेली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. मेलेल्यांपैकी बहुतेकजण खानदेशातले नव्हते, महाराष्ट्रातले नव्हते, हिंदुस्थानातलेही नव्हते. ते अरब होते.

हद्रमौतच्या किंवा येमेनच्या कोरड्या डोंगरांतून निघालेला माणूस तापीच्या काठी होळकरांच्या किल्ल्यात इंग्रजांच्या गोळीने का मरतो, हा प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर शोधू लागले की मराठेशाहीच्या अखेरच्या पंचवीस वर्षांतील एक मोठा व्यवहार उलगडतो. तो व्यवहार होता शिपायांच्या चाकरीचा. ज्याचे अन्न खावे त्याच्यासाठी लढावे आणि अन्न बंद झाले की धन्याच्याच दारात बसावे, हा त्या व्यवहाराचा सर्वमान्य कायदा. खानदेशच्या या काळातील पुष्कळशा लढाया राज्यासाठी झाल्या असे आपण वाचतो. प्रत्यक्षात त्यांतील कितीतरी लढायांच्या मुळाशी थकलेला पगार होता.

परक्या सैन्यात चाकरी करणे त्या काळी लाजिरवाणे मानले जात नसे. युरोपातही हीच रीत होती. महादजी शिंद्यांची कवायती फौज उभारणारा डी बॉयन याचे उदाहरण पाहावे. १७५१ साली सव्हॉय प्रांतातील शांबेरी येथे तो जन्मला. फ्रान्सच्या राजाने बाळगलेल्या आयरिश पलटणीत तो प्रथम शिपाईगिरी शिकला, मग रशियाच्या फौजेत गेला, तेथे तुर्कांच्या कैदेत पडला, सुटून मद्रासला इंग्रज कंपनीच्या पलटणीत अधिकारी झाला आणि १७८४ साली महादजींच्या चाकरीत आला. चार सैन्ये, चार भाषा आणि चार निशाणे! यांपैकी एकाही निशाणाशी त्याचे जन्माचे नाते नव्हते. तरीही त्याच्या इमानाविषयी महादजींना कधी शंका आली नाही. त्याचे एक कारण त्याच्या स्वभावात असेल. दुसरे मात्र हिशेबाचे होते. आपल्या कंपूचा पगार नियमित भागावा म्हणून गंगा-यमुनेच्या दुआबातील मुलूख त्याने महादजींकडून तोडून घेतला होता. त्या मुलखाचा वसूल थेट पलटणीच्या खजिन्यात जाई. जखमी शिपायाला उपचाराच्या काळातही पगार मिळे. शिंद्यांच्या कंपूची कवायत, त्यांच्या तोफा, त्यांचे लाल डगले यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. वेळेवर मिळणाऱ्या पगाराविषयी त्यामानाने फारच थोडे लिहिले गेले, आणि माझ्या मते तीच त्या कंपूंची खरी ताकद होती.

डी बॉयन १७९५च्या अखेरीस निवृत्त झाला आणि पुढे युरोपात परतून १८३० साली आपल्या जन्मगावी वारला. त्याने मागे ठेवलेल्या अधिकाऱ्यांत अँथनी पोलमन नावाचा एक जर्मन होता. हा मूळचा हॅनोव्हरचा. इंग्रजांचा राजा हाच हॅनोव्हरचाही अधिपती असल्याने तेथील दोन पलटणी कंपनीच्या मदतीला मद्रासेत आल्या होत्या. त्यांपैकी एकीत पोलमन सार्जंट होता. तेथून तो शिंद्यांच्या कंपूत शिरला आणि दहा वर्षांत एका पूर्ण ब्रिगेडचा सेनापती झाला. १८०० साली राजपुतान्यात मालपुऱ्याच्या लढाईत शिंद्यांच्या पायदळाचे नेतृत्व त्याच्याकडेच होते. तो हत्तीवरून फिरे, त्याच्या मागेपुढे जांभळ्या पोशाखातले स्वार चालत आणि त्याचा एकूण थाट संस्थानिकाला शोभावा असा होता, अशी वर्णने समकालीनांनी करून ठेवली आहेत. हॅनोव्हरच्या सार्जंटाला मायदेशी राहून हे कोठून मिळाले असते?

हाच पोलमन १८०३च्या पावसाळ्यात आपल्या पलटणी घेऊन बऱ्हाणपूरकडून अजिंठ्याच्या घाटाने दक्षिणेत उतरला. २३ सप्टेंबर रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईच्या मैदानात त्याची गाठ आर्थर वेलस्लीशी पडली. वेलस्लीने केळणा नदी अनपेक्षित ठिकाणी ओलांडली. बाजूवर येऊ घातलेला हल्ला पाहताच पोलमनने आपली सबंध पायदळाची रांग काटकोनात फिरवून पुन्हा शत्रूसमोर उभी केली. हे काम ऐन लढाईत किती कठीण असते, ते जाणकार सांगतील. वेलस्लीलाही त्याचे नवल वाटले होते. इंग्रजांची त्या दिवशी ठार, जखमी व बेपत्ता मिळून १,५८४ माणसे गेली. लढाई शेवटी शिंद्यांनी गमावली. तोफांजवळ गोलंदाज मात्र जागचे हलले नाहीत. संगिनीने भोसकले जाईपर्यंत ते तोफा चालवीत राहिले. हे गोलंदाज बहुतांशी उत्तर हिंदुस्थानातले होते.

आणि गोरे अधिकारी? लढाईपूर्वीच, २९ ऑगस्ट १८०३ रोजी, कंपनीच्या गव्हर्नर जनरलने एक जाहीरनामा काढला होता. मराठ्यांच्या चाकरीतील जे युरोपीय अधिकारी ती सोडून कंपनीकडे येतील त्यांच्या निर्वाहाची हमी त्यात होती. असईनंतर मोडलेले कंपू घाट उतरून खानदेशमार्गे बऱ्हाणपूरच्या दिशेने गेले. ऑक्टोबरात कर्नल स्टीव्हन्सनने बऱ्हाणपूर आणि पाठोपाठ अशीरगड घेतला, तेव्हा सोळा युरोपीय अधिकारी व सार्जंट त्याच्या स्वाधीन झाले. पोलमन स्वतः पुढच्याच वर्षी, १८०४ साली, कंपनीच्या एका बिनकवायती पायदळाच्या तुकडीचा मुख्य म्हणून कागदपत्रांत दिसतो. सहा महिन्यांपूर्वी ज्यांच्यावर तोफा डागल्या त्यांच्याच पगारपत्रकावर त्याचे नाव चढले. आपल्या इतिहासलेखनात यावरून ‘फितुरी’ हा शब्द सढळपणे वापरला जातो. पण पोलमनने शिंद्यांच्या राज्याशी निष्ठेची शपथ कधी वाहिली नव्हती; त्याने एक नोकरी पत्करली होती आणि ती बुडताच दुसरी धरली. ज्यांनी असे केले नाही त्यांची गत फार बरी झाली असेही नाही. यशवंतराव होळकरांच्या चाकरीतील व्हिकर्स, डॉड आणि रायन या तीन अधिकाऱ्यांचा १८०४ साली होळकरांच्याच हुकुमाने शिरच्छेद झाला. इंग्रजांशी लढण्याची वेळ आली तेव्हा त्यांच्यावर धन्याचा विश्वास उरला नव्हता.

युरोपीय अधिकारी असे पांगले. खानदेशात उरले ते अरब. अरबांची पद्धत युरोपीयांपेक्षा वेगळी होती. युरोपीय माणूस एकटा येई आणि देशी शिपायांना कवायत शिकवून सेनापती होई. अरब आपापल्या जमादारामागे टोळीने येत, टोळीनेच चाकरी ठरवीत आणि टोळीनेच ती सोडीत. धन्याचा करार शिपायाशी नसे, जमादाराशी असे. कवायत त्यांना रुचत नसे. तोड्याची लांब बंदूक आणि कमरेचा जंबिया एवढ्या सामग्रीवर, तटाच्या आड राहून लढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. म्हणून किल्ल्यांची शिबंदी, खजिन्याचा पहारा आणि सरदाराच्या वाड्याची चौकी ही कामे त्यांच्याकडे येत. या गुणाची किंमतही त्यांना मिळे. पेशवाईच्या अखेरीस अस्सल अरब शिपायाचा दरमहा सुमारे पंधरा रुपये असता मराठा किंवा दक्षिणी शिपायाला सहा रुपये मिळत. एका अरबाच्या पगारात दोन मराठे शिपाई ठेवून वर तीन रुपये शिल्लक राहिले असते, तरी सरदार अरबच मागत.

यामागे आणखी एक कारण होते. स्थानिक शिपायाला गाव असते, वतन असते, भाऊबंदकी असते आणि उद्या दुसऱ्या सरदाराशी सोयरीकही असू शकते. परक्याला यांपैकी काहीच नसल्यामुळे तो फक्त आपलाच राहील, अशी धन्याची अटकळ असे. पगार मिळेपर्यंत ती खरीही ठरे. पगार थांबला की मात्र याच गोष्टी उलट्या फिरत. ज्याला या मुलखात काहीच गमवायचे नाही, त्याला आवरणार कोण? बडोद्यात हे १८०२ साली दिसून आले. गायकवाडांच्या पदरच्या अरबांनी थकबाकीसाठी खुद्द आनंदराव गायकवाडांनाच वाड्यात अडकवून ठेवले. सावकारांच्या कर्जालाही तेथे अरब जमादार जामीन राहत. म्हणजे राज्याची तलवार आणि राज्याची पत अशा दोन्ही गोष्टी त्यांच्याच मुठीत होत्या. त्यांना बाहेर काढण्यासाठी इंग्रजांना शहराला वेढा घालावा लागला आणि नंतर त्यांची थकबाकीही चुकती करावी लागली.

खानदेशची स्थिती बडोद्याहून कितीतरी वाईट होती. १८०२ साली पुण्यावर चालून जाताना होळकरांच्या फौजांनी हा मुलूख तुडवला. पाठोपाठ १८०३-०४चा भयंकर दुष्काळ आला. धुळे तर पूर्ण ओस पडले. विंचूरकरांचे आश्रित बाळाजी बळवंत यांनी पुढच्या वर्षी तेथे पुन्हा वस्ती बसवली. शेते पडीक, गावे उजाड, डोंगरात भिल्लांच्या टोळ्या आणि मैदानात पेंढारी, अशा अवस्थेत वसूल येणार कोठून? वसूल नाही म्हणून पगार नाही, पगार नाही म्हणून शिबंदी स्वतःच रयतेकडून वसूल करी आणि तिच्या जाचाने आणखी गावे उठून जात. किल्ला नावाला होळकरांचा, पेशव्यांचा किंवा एखाद्या जहागीरदाराचा असे. त्याच्या दरवाजाच्या किल्ल्या बहुधा एखाद्या जमादाराच्या कनवटीला असत.

हे ध्यानात घेतले म्हणजे थाळनेरचा प्रसंग कळू लागतो. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि ६ जानेवारी १८१८च्या मंदसोरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा आपला सर्व मुलूख त्यांनी कंपनीला देऊन टाकला. खानदेश हा त्याचाच भाग. महिदपूरचा विजेता सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन दक्षिणेकडे निघाला. वाटेतला सेंधव्याचा किल्ला निमूटपणे स्वाधीन झाला. थाळनेरला मात्र तुळशीराम मामा या किल्लेदाराने दरवाजे लावून घेतले आणि किल्ल्यातून गोळीबार झाला. होळकरांनी तह केला असला तरी किल्ल्यातील अरबांचा हिशेब त्या तहात कोणी केला नव्हता. मुलूख एका सहीने या धन्याकडून त्या धन्याकडे गेला. शिपायाची बाकी नव्या धन्याने देण्याचे कारण नव्हते आणि जुन्या धन्याची ती देण्याची ऐपत नव्हती. हिस्लॉपने निरोप पाठवला की, किल्ला न दिल्यास तुम्हांला बंडखोर समजण्यात येईल.

दुपारपर्यंत तोफांनी बाहेरचा दरवाजा मोकळा केला. किल्लेदार काही माणसांसह बाहेर येऊन स्वाधीन झाला. इंग्रजांचे काही अधिकारी थोड्या शिपायांनिशी एकामागून एक दरवाजे ओलांडत आतल्या दिंडीपर्यंत गेले. तेथे अरबांशी बोलणे सुरू झाले. कोणत्या भाषेत झाले आणि कोणाला किती समजले, ही यातली खरी ग्यानबाची मेख आहे. अरबांना आपल्या जिवाची व मालमत्तेची हमी हवी होती. समोरच्यांना हत्यारे खाली ठेवलेली हवी होती. कोणीतरी कोणाच्या तरी हत्याराला हात घातला, झटापट झाली आणि मेजर गॉर्डन व कॅप्टन मॅक्ग्रेगर हे दोघे तेथेच मारले गेले. बाहेरची फौज आत घुसली. मग कोणालाच जीवदान मिळाले नाही. सुमारे तीनशे शिपाई मारले गेले. तुळशीराम मामा या वेळी किल्ल्याबाहेर इंग्रजांच्या ताब्यात होता. आतल्या झटापटीत त्याचा हात असणे शक्यच नव्हते. तरीही त्याच दिवशी त्याला फाशी देण्यात आली.

हा प्रकार इंग्रजांनाही पचला नाही. १८१९ साली ब्रिटिश संसदेने या युद्धातील फौजेच्या आभाराचा ठराव केला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीला हे आभार लागू नाहीत, असे स्पष्ट करण्यात आले. स्वाधीन झालेल्या माणसाला फासावर चढवण्याचा अधिकार सेनापतीला कोठून आला, असे तेथे विचारले गेले. किल्लेदाराविषयी निदान हा प्रश्न तरी निघाला. तीनशे अरबांविषयी फारसे कोणी विचारले नाही.

थाळनेरच्या बातमीने बाकीचे किल्ले धाक खाऊन उघडतील, ही अपेक्षा मालेगावात खोटी ठरली. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे. १८६९ साली तो जिल्हा होईपर्यंत ते खानदेशात मोडत असे. मोसम नदीच्या काठचा तेथील भक्कम भुईकोट नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४०च्या सुमारास बांधला. १८१८ साली त्यांचे वंशज गोपाळराव यांनी इंग्रजांच्याच संमतीने अरब जमवले आणि तो किल्ला पेशव्यांच्या माणसांकडून काढून घेतला. आत शिरल्यावर अरबांनी गोपाळरावांनाच जवळजवळ कैदेत ठेवले आणि आसपासच्या मुलखातून स्वतःच खंडणी गोळा करण्यास सुरुवात केली. ज्या भाडोत्री शिपायांच्या जोरावर खानदेश स्वस्तात मिळेल असे इंग्रजांना वाटले होते, त्यांच्याशीच आता त्यांना लढावे लागले.

कर्नल मॅक्डॉवेल मेच्या मध्यावर मालेगावास पोहोचला. त्याच्याकडे माणसे अपुरी, तोफगोळे अपुरे आणि समोर साडेतीनशेच्या आसपास अरब. त्यांनी रात्री बाहेर पडून खंदक खणणाऱ्यांवर हल्ले केले. २९ मे रोजी इंग्रजांनी चढाई केली. भगदाडाच्या माथ्यावर पोहोचलेला नॅटस हा तरुण इंजिनियर तेथेच गोळ्या लागून पडला आणि चढाई फसली. शेवटी बाहेरून कुमक आली, ११ जूनला उखळी तोफांच्या माऱ्याने किल्ल्यातील दारूखाना उडाला आणि तटाचा एक भाग खंदकात कोसळला. १३ जूनला अरबांनी बोलणे लावले. या वेढ्यात इंग्रजांची दोनशेहून अधिक माणसे ठार व जखमी झाली. साऱ्या खानदेशात एवढी किंमत त्यांना अन्यत्र मोजावी लागली नाही.

आता अरबांनी जी अट घातली ती मोठी बोलकी आहे. थाळनेरचा निकाल त्यांनी ऐकला होता, त्यामुळे तोंडी शब्दावर बाहेर येण्यास ते तयार नव्हते. लेखी कौल हवा, असे ते म्हणाले. मॅक्डॉवेलने तो देण्याचे मान्य केले आणि त्याच्या मुनशीने तो मराठीत लिहिला. म्हणजे अरब शिपाई आणि इंग्रज सेनापती यांच्यातील करार मराठीत झाला. दोघांचीही ती भाषा नव्हती. मुनशीने लिहिताना हात सैल सोडला. अरबांच्या हिताचे जे असेल ते सरकार करील, त्यांना कैदेत ठेवले जाणार नाही, त्यांच्या पगाराविषयी लिहिले जाईल, अशा अर्थाची वाक्ये त्यात उतरली. १४ जूनला सकाळी अरबांनी बाहेर येऊन हत्यारे ठेवली. त्यानंतर वाद उत्पन्न झाला. मॅक्डॉवेलच्या मनात केवळ जीवदान होते. कागदात त्याहून पुष्कळ अधिक होते. खानदेशचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन जॉन ब्रिग्जला एवढी सवलत मान्य नव्हती. प्रकरण माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनकडे गेले आणि त्याने कागदाच्या बाजूने निकाल दिला. लिहिणाऱ्याच्या मनात काहीही असो, घेणाऱ्याने ज्या अर्थाने कौल घेतला तोच अर्थ धरावा, असे त्याने ठरवले. मालेगावचे अरब मोकळे झाले.

यात एल्फिन्स्टनचे औदार्य किती आणि धोरण किती, याची वाटणी करणे कठीण आहे. अजून कितीतरी किल्ल्यांत अरब होते आणि कंपनीचा कागद खरा ठरतो हे त्यांना कळणे दहा तोफांइतके उपयोगाचे होते. अमळनेरला त्याच साली याचा प्रत्यय आला. बोरी नदीच्या काठच्या तेथील किल्ल्यात अली जमादार अरबांसह ठाण मांडून होता. कर्नल हस्किसनने अडीचशे गोऱ्या शिपायांसह सुमारे हजार माणसांनिशी गाव वेढले. थाळनेर किंवा मालेगावसारखे येथे काही घडले नाही. अरब एकेक करून नदीच्या पात्रात उतरले आणि वाळूवर आपली हत्यारे ठेवून पुढे गेले.

अरबांना कायमचे त्यांच्या देशी पाठवून द्यावे, त्यांना पुन्हा येथे कोणी चाकरीस ठेवू नये, असे एल्फिन्स्टनचे धोरण होते. अनेकांची तशी रवानगी झालीही. पण चाकरीची बाजारपेठ एकदम बंद होत नसते. निजामाच्या राज्यात अरबांना मागणी होती आणि तेथे ती पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली. १९४८च्या पोलिस कारवाईनंतरच निजामाच्या अरब शिबंदीचा शेवट झाला. हैदराबादची बारकस ही वस्ती आणि मराठवाड्यातील चाऊस आडनावाची कुटुंबे ही त्याच परंपरेची आजची खूण होय.

खानदेशात मात्र १८१८ नंतर परक्या शिपायाचा बाजार उठला. ब्रिग्जने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले आणि जुन्या गावालगत नव्या पेठा आखल्या. डोंगरातील भिल्लांचा प्रश्न मात्र पलटणींनी सुटेना. १८२५ साली जेम्स आउट्रम या बावीस वर्षांच्या अधिकाऱ्याला धरणगावी पाठवण्यात आले. त्याने परका शिपाई आणला नाही. ज्यांच्याशी कंपनी सात वर्षे लढत होती त्या भिल्लांनाच चाकरीचे आमंत्रण दिले. सुरुवातीला अवघे नऊजण आले. आपल्याला एकत्र गोळा करून कापून काढण्याचा हा बेत आहे, अशी बाकीच्यांना धास्ती होती, आणि मागचा अनुभव पाहता ती अनाठायी म्हणता येणार नाही. तरीही पलटण उभी राहिली आणि काही वर्षांतच तिची संख्या सहाशेच्या घरात गेली. त्यांचा पगार अरबाच्या पगारापुढे नगण्य होता, पण तो ठरल्या तारखेला मिळत असे.